दादाशी भांडणाची रंगीत तालीम

माझ्या धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये एक अख्खं राज्य आहे आणि गेली कित्येक वर्षं त्यात एकही माणूस राहायला आलेला नाही. डोंगर आहेत, नद्या आहेत, खाणीत सोनं आहे, जंगलात ड्रॅगन आहे. कुदळी खांद्यावर टाकून बुटक्यांची एक टोळी वेशीवर ताटकळत उभी आहे. त्या टोळीने डोंगर पोखरायचा, घरं बांधायची, शेतं लावायची, पोरंबाळं वाढवायची आणि शत्रू आला की लढायचं, असा तो गेम. भावाचं म्हणणं असं की शत्रू येणार हे ठाऊक असताना तयारीशिवाय गाव वसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. म्हणून तो गाव वसवत नाही. तो फक्त लढाईची चाचणी घेतो.

त्यासाठी गेममध्ये वेगळी सोय आहे. तिला तो आखाडा म्हणतो. एक मोकळं वाळूचं मैदान असतं. त्यात हवा तो प्राणी उतरवायचा, त्याच्या हातात हवं ते हत्यार द्यायचं, अंगात चिलखत घालायचं, ताकद किती, चपळाई किती, धैर्य किती हे आकडे भरायचे, आणि बटण दाबायचं. मग ते एकमेकांवर तुटून पडतात. प्रत्येक घाव गेम बाजूला लिहून दाखवतो. ‘बुटक्याने राक्षसाच्या डाव्या करंगळीवर परशू मारला. करंगळी सुजली. राक्षस वैतागला.’ या थाटात. कुणी मेलं तरी बिघडत नाही. दुसरं बटण दाबलं की मेलेले कपडे झटकून उठतात आणि पुन्हा समोरासमोर उभे राहतात.

मी हे सगळं इतकं खुलासेवार सांगतेय कारण माझा भाऊ समजून घ्यायचा तर आखाडा समजून घ्यावा लागतो. गेम तर नंतर आला. तो जन्मल्यापासून आखाड्यातच आहे.

घरात त्याला बारक्या म्हणतात. कानशिलं पांढरी झाली, पोट सुटलं, तरी तिघा भावंडांतला शेवटचा म्हणून बारक्या. मधली मी, आणि थोरला दादा. दादा वाईट माणूस नाही. फक्त खोलीत आधी त्याचा आवाज येतो आणि मागून तो. लहानपणी बसमधली खिडकी दादाची, पंख्याखालची गादी दादाची, दुधावरची साय दादाची. मी आरडाओरडा करून, बोचकारून माझ्या वाट्याचं थोडंफार मिळवायचे. बारक्या मात्र न्हाणीघरात जाऊन कडी लावायचा आणि आतल्या बादलीला दादा समजून तिची खरडपट्टी काढायचा. आम्ही बाहेरून कान लावून ऐकायचो. काय एकेक मुद्दा असायचा! वकिलाने तोंडात बोटं घातली असती. पण तो बाहेर येईपर्यंत साय संपून वाटी धुऊनही झालेली असायची. मग बारक्या म्हणायचा, "जाऊ दे, पुढच्या वेळी बघतो."

नोकरीही नेमकी त्याला शोभेल अशीच लागली. फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्या तपासायची. एका यंत्राला माणसाच्या बैठकीच्या आकाराचा वजनदार ठोकळा लावलेला आहे. तो खुर्चीवर बसतो आणि उठतो, बसतो आणि उठतो. खुर्ची मोडेपर्यंत हे चालतं. बारक्या शेजारी उभा राहून बघतो. मोडली की कुठे मोडली ते वर कळवतो आणि दुसरी लावतो. त्या खोलीत त्याला स्वतःला बसायला जागा नाही, कारण तिथल्या सगळ्या खुर्च्या तपासणीच्या. यावर मी एकदा पोट धरून हसले, तर तो गंभीरपणे म्हणाला, "ताई, न तपासलेल्या खुर्चीवर माणूस बसतोच कसा?"

लग्नाचंही असंच झालं. पॅकिंग विभागातली एक बाई त्याला आवडायची. तिलाही तो आवडत असावा, कारण ती चहाच्या वेळी मुद्दाम त्याच्या खोलीवरून जायची. बारक्याने विचारायचं कसं याची तयारी सुरू केली. ती हो म्हणाली तर काय बोलायचं, नाही म्हणाली तर काय, नुसती हसली तर काय. तयारी पूर्ण होत आली तेव्हा तिची लग्नपत्रिका आली. तो लग्नाला गेला आणि भेट म्हणून एक खुर्ची देऊन आला. खुर्ची उत्तम होती म्हणे, यंत्राला हार गेली नव्हती. मी त्या दिवशी त्याला वाटेल ते बोलले आणि घरी येऊन रडले.

आई गेल्यापासून बाबा बारक्याजवळच राहतात. बाबा शिंपी. आयुष्यभर कोट शिवले. आता हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही, पण समोरच्या माणसाचे खांदे डोळ्यांनी मापायची खोड गेलेली नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाबांना मात्र तिसरा मजला आवडतो, कारण खिडकीखाली चौक आहे. कोण आज कुठला सदरा घालून निघाला हे त्यांना वरून दिसतं. मी पलीकडच्याच रस्त्यावर राहते. सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करते, दुपारी बाबांकडे जाऊन येते. बारक्या कामावरून आला की मी सुटते. असं आमचं बरं चाललं होतं.

मग बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण खांदा दुखावला आणि मनात भीती बसली. ते हळूहळू चालू लागले, मग चालायचंच टाळू लागले. दादाला कळल्यावर त्याचा फोन आला. तो दुसऱ्या गावात असतो. घर तळमजल्यावर, बाबांसाठी स्वतंत्र खोली, अंगण. फोन बारक्याने घेतला, पण दादाचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"रविवारी गाडी घेऊन येतो. बाबांना घेऊन जातो. त्यांची बॅग भरून ठेवा."

बारक्या म्हणाला, "बरं."

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा असा काही पडला की माझं रागवायचंच राहून गेलं. मी विचारलं, "तुला चालणार आहे का बाबा गेलेले?"

"नाही."

"मग बरं कशाला म्हणालास?"

"एकदम विचारलं ना त्याने. रविवारपर्यंत वेळ आहे. मी तयारी करतो."

तयारी हा त्याचा शब्द मला चांगला ठाऊक होता. पण या वेळी साय नव्हती, बाबा होते. मी त्याला बजावलं, "हे बघ बारक्या, दादासमोर तुला बोलावंच लागेल. मी मध्ये पडणार नाही. मी बोलले की त्याला वाटतं मी भांडकुदळ आहे, आणि ते खरंही आहे. तू बोललास तर तो ऐकेल, कारण तू बोलतोस याचाच त्याला धक्का बसेल."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी भाज्यांचं सूप घेऊन गेले, तर दोघंही कॉम्प्युटरसमोर. बाबा खुर्चीत, मांडीवर शाल. बारक्या स्टुलावर. पडद्यावर वाळूचं मैदान होतं आणि एका बाजूला खांद्यावर भलामोठा सोटा टाकून एक राक्षस उभा होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं, दादा. दुसऱ्या बाजूला लाल दाढीचा बुटका. नाव, बारक्या.

"अरे, हे काय चालवलंयस?" मी म्हटलं.

"चाचणी," तो म्हणाला. "कुठल्या परिस्थितीत मी टिकतो ते बघतोय."

"आणि ते मधलं मांजर?"

तो जरा घुटमळला. "रानमांजर आहे. ती तू."

मी सूप आपटून ठेवलं. "मी कुणाच्या बाजूने आहे?"

"कुणाच्याच नाही. तू दोघांनाही बोचकारतेस. म्हणूनच निकाल बिघडतो. मी तुला काढूनच टाकणार होतो."

"काढून तर बघ. आणि नखं एवढीच? वाढव."

त्याने नखं वाढवली. बटण दाबलं. राक्षसाने सोटा फिरवला, बुटका भिंतीवर जाऊन आदळला, मी दादाच्या पोटरीला चावले. गेमने लिहिलं, ‘दादाला काही वाटलं नाही.’ यात मला तरी नवीन काही नव्हतं.

मी आकडे बघितले. बारक्याने स्वतःचं धैर्य इतकं कमी ठेवलं होतं की गेममधल्या प्राण्यांच्या यादीत तळाला असलेल्या बदकाचंही त्याच्यापेक्षा जास्त होतं.

"वाढव की जरा धैर्य. तुझ्याच हातात आहे ना?"

"खोटी चाचणी कशाला घ्यायची ताई? आहे तेच भरलंय."

याला काय म्हणावं? अख्खा गेम खोटा, राक्षस खोटा, वाळू खोटी, आणि हा गृहस्थ त्यात स्वतःच्या भित्रेपणाचा आकडा मात्र प्रामाणिकपणे भरतो. मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी सूप वाढलं.

बाबा इतका वेळ चष्मा पुढे ओढून बघत होते. ते म्हणाले, "त्या बुटक्याची बाही तंग आहे."

"चिलखत आहे बाबा ते."

"असू दे. काखेत सैल नको का? हात वर जाणार कसा त्याचा? कुणी शिवलंय ते?"

बारक्याने बाबांकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि बुटक्याचं हातांवरचं चिलखत काढून टाकलं. बटण दाबलं. या वेळी राक्षसाने सोटा उचलेपर्यंत बुटक्याने त्याच्या गुडघ्यावर घाव घातला, मग दुसऱ्या गुडघ्यावर, मग खाली आलेल्या हनुवटीवर. आणि थांबलाच नाही. राक्षस आडवा झाला तरी तो मारतच राहिला. बारक्या स्टुलावरून उठून उभा राहिला. मला वाटतं, दादा हरलेला त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

त्याने पुन्हापुन्हा करून बघितलं. निष्कर्ष पक्का झाला. पहिला घाव आपला हवा, आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. जिथे जिथे बुटका दम खायला थांबला, तिथे तिथे राक्षसाने त्याला लोळवलं.

मी विचारलं, "आणि राक्षस शरण आला तर?"

"आखाड्यात शरण यायची सोय नाही. खऱ्या गेममध्ये आहे. तिथे पळून जातात, तह करतात, कधीकधी शत्रू गावातच राहायला येतो म्हणे. पण ते सगळं गाव वसवल्यावर."

बाबा म्हणाले, "ते दोघं भांडतायत कशासाठी?"

"ते गेमला माहीत नसतं बाबा. समोरासमोर आणले की लढतात."

"हां. म्हणजे आपल्यासारखंच," बाबा म्हणाले आणि सूप प्यायला लागले. बाबांना तू कुठे ठेवलंस असं मी बारक्याला विचारणार होते, पण पडद्यावर बाबा कुठेच नव्हते. खरं तर आम्हा तिघांपैकी कुणीच त्यांना काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

रविवार उजाडला. मी लवकरच गेले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते खिडकीजवळ बसले होते. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आतून बारक्याचा आवाज येत होता, "पहिली गोष्ट, दादा. दुसरी गोष्ट, दादा." इतक्या वर्षांनी तीच बादली. दाराशी बाबांची बॅग मी भरून ठेवली होती, कारण दादाने सांगितलं होतं आणि आमच्या घरात दादाने सांगितलेलं आधी होतं, भांडण नंतर.

जिन्यावर पावलं वाजली, पण आवाज आला नाही. मला आश्चर्य वाटलं. दार उघडलं तर दादा भिंतीला धरून धापा टाकत होता. घामाने डबडबलेला. तीन मजल्यांनी त्याचा आवाज काढून घेतला होता. मला तो एकदम म्हातारा वाटला.

बारक्या न्हाणीघरातून बाहेर आला. दादाने अजून बूटही काढले नव्हते.

"दादा, पहिली गोष्ट म्हणजे, बाबा कुठे राहणार हे तू एकट्याने ठरवायचं नाही."

पहिला घाव आपला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

दादाने हात वर केला, म्हणजे थांब, श्वास घेऊ दे. मी पाणी दिलं. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "अरे, मी तेच बोलणार होतो. मी खूप विचार केला. आमच्याकडे खोली आहे, अंगण आहे, सगळं खरं. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला जातात ते संध्याकाळी उगवतात. बाबा त्या खोलीत दिवसभर करणार काय? भिंतींकडे बघणार? इथे खाली चौक आहे, ही तुझी ताई दुपारी येते, तू असतोस. राहू देत इथेच. मीच येत जाईन अधूनमधून. तुला चालेल ना?"

मी दादाला आयुष्यभर ओळखते. "चालेल ना" हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मला इतका आनंद झाला की चहाचं आधण दुप्पट ठेवावंसं वाटलं. बाबांनी खिडकीतून मान वळवली होती आणि ते थोडं हसत होते. संपलं होतं सगळं. बारक्याने फक्त हो म्हणायचं होतं.

बारक्या म्हणाला, "दुसरी गोष्ट, दादा."

"अरे, पण मी म्हणालो ना—"

"मला पूर्ण बोलू दे. तू मला कधीच पूर्ण बोलू देत नाहीस."

हेही खरंच होतं. दादा वरमला. तेवढं पुरे झालं. बारक्या सुटला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, खाकरले, टेबलाखालून लाथ मारली. ती दादाला लागली. बारक्या माझ्याकडे बघतच नव्हता. तो कुणाकडेच बघत नव्हता. दादाच्या डोक्याच्या वर कुठेतरी नजर लावून तो एकामागून एक घाव घालत होता.

"बाबांचं काय काय करावं लागतं, तुला माहितीय? त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. जन्मभर बटणं शिवलेल्या माणसाला. ती मी लावतो. कप धरवत नाही, मी अर्धाच भरून देतो म्हणजे सांडलेलं त्यांना दिसू नये. तुझ्या घरी कुणाला सुचलं असतं हे? एकट्याने न्हाणीघरात जायला ते घाबरतात. मी दाराबाहेर उभा राहतो आणि काहीतरी शोधत असल्याचं दाखवतो."

"बारक्या, बास," मी म्हटलं.

"नाही ताई. कधीकधी पलंग ओला होतो. मी त्यांच्या आधी उठून चादर धुतो आणि आतल्या दोरीवर टाकतो, म्हणजे खालच्यांना कळू नये. झोपेत आईला हाका मारतात. एकदा मलाच आई समजून माझा हात धरून रडले. ते लहान मुलासारखे झालेत दादा. त्यांना तुझी मोठी खोली काय करायचीय? त्यांना चोवीस तास बघणारं माणूस लागतं. ते मी आहे. तू नाहीस."

आता तो थांबला. मुद्दे संपले होते. दादा मान खाली घालून बसला होता आणि खरोखरच हरला होता. बारक्याच्या चेहऱ्यावर आखाड्यात राक्षस आडवा झाला त्या संध्याकाळचं तेज आलं. ते क्षणभरच टिकलं, कारण मग त्याची नजर खिडकीकडे गेली.

बाबांचं हसू मावळलं होतं. ते आपल्या सदऱ्याच्या बटणांकडे बघत होते. वरून खालपर्यंत, एकेक. मला त्या घटकेला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. बारक्याने जे जे इतकी वर्षं बाबांपासूनसुद्धा लपवलं होतं, ते सगळं त्याने बाबांच्याच देखत, बाबांसाठीच, चव्हाट्यावर मांडलं होतं.

"झालं तुझं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी—"

"मी दादाकडे जातो." बाबा खुर्चीच्या हातांना धरून उठायला लागले. "बॅग भरलेली आहेच."

दादाने समजूत घालून बघितली. मी बघितली. बाबा ऐकेनात. आवाज चढवला असता तरी बरं झालं असतं, पण ते फक्त "नाही, मी जातो," एवढंच म्हणत राहिले. त्यांनी कोट मागितला. मी घालायला पुढे झाले तर माझा हात बाजूला केला. एक बाही घालायला त्यांना केवढा वेळ लागला. दादा आणि मी उभे राहून भिंतीकडे बघत होतो.

आणि बारक्या काय करत होता? तो कॉम्प्युटरपाशी जाऊन उभा होता. पडद्यावर बुटका आणि राक्षस होते आणि त्याचा हात आपोआप माऊसवर गेला होता. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला गर्रकन फिरवलं.

"तिकडे काय बघतोस? कुठे चुकलं ते तपासतोयस? तिकडे बाबा नाहीयेत!"

 त्याने माऊसवरचा हात काढला आणि लहान मुलासारखा पाठीमागे लपवला. मी आणखी पुष्कळ बोलणार होते, पण ते बघून गिळलं.

खाली उतरवायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकाने पुढे राहायचं, एकाने मागून काखेत हात घालून धरायचं. दादा बॅग घेऊन दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि नाइलाजाने म्हणाला, "बारक्या, मागून धर त्यांना."

ज्या माणसाला नेऊ नका म्हणून त्याने एवढं रण माजवलं, त्यालाच आता तो जिन्याने खाली पोचवायला निघाला होता. मी दारात उभी होते. बाबांनी कठडा धरला. बारक्याने मागून काखेत हात घातले. बाबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसरा. आणि ते तिथेच थांबले, कारण बारक्या पुढे सरकत नव्हता.

"चल," बाबा पुढे बघत म्हणाले.

"बाबा," बारक्या म्हणाला. बाबांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्यामुळेच बहुधा तो बोलू शकला. "तुमचं सगळं कुणीही करेल. दादा करेल, वहिनी करेल. त्याला मीच लागतो असं काही नाही. मी मघाशी उगाच बोललो."

बाबांनी कठड्यावरची पकड बदलली.

"मी कामावरून येतो आणि तुम्ही आतून विचारता, कोण आहे. मी सांगतो, मी आहे. उद्यापासून कुलूप मी उघडायचं आणि आत कुणीच विचारायचं नाही... मला नाही जमणार ते. मला भीती वाटते."

हे त्याने न्हाणीघरात म्हणून पाहिलेलं नव्हतं, हे ऐकताच कळत होतं. वाक्य मध्येच अडखळलं, आवाज फाटला. जिन्यात कुठल्याशा घरातला मिक्सर सुरू होता, तो बंद झाला. खालच्या पायरीवर दादा तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला मधे बोलायचं भान राहिलं नाही, हे आणखी एक नवल.

"खरं सांगतोस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग एवढं सोडून बाकी सगळं कशाला सांगत बसलास?"

 बारक्याने बाबांच्या पाठीला डोकं टेकलं. एवढा मोठा माणूस, जिन्यात, हमसून हमसून रडला. बाबांचा तोल जातो की काय म्हणून मी धावले, पण बाबांनी कठडा घट्ट धरला होता. दोघांचंही वजन त्या थरथरणाऱ्या हातांवर होतं आणि ते हलत नव्हते.

"दादा, बॅग वर घेऊन ये," बाबा म्हणाले.

"बाबा, नक्की काय ते एकदा ठरवा," दादा म्हणाला. त्याचा जुना आवाज थोडासा परत आला होता. "मघाशी तुम्हीच म्हणालात—"

"अरे, पोरगं घाबरतंय," बाबा म्हणाले. "त्याला एकट्याला टाकून मी कुठे येऊ?"